भेकराची आखणी

"प्रणिता, ह्यांची खुर्ची इकडं आण गो. भेकराच्या अगदी समोर," विमलबाई सुनेला म्हणाली.

गणपतीचा हंगाम सरून तीन महिने झाले होते. जोह्यातल्या त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात आता बिबट्या, रानडुक्कर, साळिंदर आणि इवलंसं पिसोरी हरीण अशी फायबरची जनावरं उभी होती. रोह्याजवळच्या एका शाळेच्या बागेत ती जायची होती. संध्याकाळी टेम्पो येणार होता. सगळ्यांचे डोळे आखून झाले होते, भेकर तेवढं राहिलं होतं. कुत्र्यासारखं भुंकणारं हे शेळीएवढं हरीण कारखान्यातल्या कारागिरांपैकी कुणीच धड बघितलेलं नव्हतं. शाळेनं पाठवलेला फोटो रात्रीच्या कॅमेऱ्याचा. त्यात डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे दिवे.

विमलबाई चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी करत होती. बाकीची मूर्ती कुणीही रंगवावी, डोळे तिनंच. तिचा नियम एकच होता. आखणी झाली की उठून मूर्तीच्या डावीकडं जायचं, मग उजवीकडं जायचं. कुठंही गेलं तरी नजर सोबत आली पाहिजे. नाही आली तर पुसून पुन्हा.

तिचा नवरा पोपट दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगानं लुळा पडला. तेव्हापासून घर त्याला दोनच प्रश्न विचारायचं, जेवलात का आणि गोळी घेतलीत का. एके काळी बंदूक खांद्यावर टाकून सुकेळीचं रान पालथं घालणाऱ्या माणसाला हे फार लागायचं. विमलबाईला ते दिसत होतं. म्हणूनच प्रणितानं मोबाईल पुढं केला तेव्हा तिनं तो बाजूला सारला.

"घरात जाणता माणूस हाय की. त्यांना विचारू."

पोपटचा चेहरा खुलला. दोन वर्षांत मिळून तो इतका बोलला नसेल.

"पाठ भाजलेल्या विटेसारखी पायजे. पोटाखाली फिकी. कपाळावर दोन काळ्या रेघा, पार शिंगांपर्यंत. हां, अशा. डोळ्याखाली खाच असते, ती सोडू नको. आनि सुळे जरासे भायेर दिसू दे."

तो सांगत गेला, ती रंगवत गेली. भेकर हुबेहूब उतरायला लागलं. पोपटनं चांगल्या हातानं मांडीवर थाप मारली.

"पन्नास तरी उचलली असतील ह्या हातांनी!"

विमलबाई हसली. खरं सांगायचं तर तिला नवरा परत मिळाल्यासारखं वाटलं.

"आता डोळे," ती म्हणाली. "कसे असतात वो?"

"निळसर," पोपट क्षणभरही न थांबता म्हणाला. "वर दुधाची साय धरल्यासारखं. चमक नाय फारशी. मोठा, उघडा डोळा."

तिनं तसाच आखला. उठली. डावीकडं गेली, उजवीकडं गेली. परत डावीकडं गेली.

"हे बघत नाय," ती म्हणाली.

"असाच असतो. माझ्या डोळ्यांसमोर हाय अजून."

"पण बाबा, हे मेल्यासारखं दिसतंय," प्रणिता बोलून गेली.

बाहेर पेणची एसटी थांबली आणि गेली.

विमलबाईनं ब्रश खाली ठेवला. "जिवंतपणी कसा असतो डोळा? आठवून बघा जरा."

पोपटनं पुष्कळ वेळ आठवलं.

"जितं असं जवळून एकच बघितलं," तो म्हणाला. "सुकेळीच्या अंगाला. गोळी पायाला लागली होती. मी जवळ गेलो तर त्यानं मान उचलली. माझ्याकडं बघत राह्यलं."

"मग? कसा होता डोळा?"

"काय म्हाईत." पोपट मांडीवरच्या हाताकडं बघत होता. "मी तोंड फिरवलं आनि कोयता घातला."

उगाच विचारलं, असं विमलबाईला झालं. हा माणूस इतका वेळ किती आनंदात होता. पण टेम्पो यायचा होता, आणि आखणी अर्धी टाकून उठणं तिला कधी जमलं नव्हतं. तिनं ओल्या फडक्यानं दोन्ही डोळे पुसले.

"दाखव गो तुझा मोबाईल."

प्रणितानं एक व्हिडिओ शोधून दिला. ओढ्यावर पाणी पिणारं भेकर. कसलीशी चाहूल लागून त्यानं मान वर केली होती. विमलबाईनं चष्मा लावून तो चार वेळा बघितला. मग काळा रंग घेतला. कडेला गडद तपकिरी. डोळा मोठा होत गेला, ओला होत गेला. शेवटी श्वास धरून तिनं त्यात पांढरा ठिपका दिला, कणीएवढा.

ती उठली. डावीकडं गेली, उजवीकडं गेली. नजर सोबत आली.

"झालं," ती म्हणाली, पण नवऱ्याकडं वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

पोपटची खुर्ची भेकराच्या अगदी समोर होती, तिनंच ठेवायला लावली होती तिथं.

"प्रणिता," तो म्हणाला, "माझी खुर्ची जरा फिरव गो."

प्रणितानं खुर्ची फिरवली. आता त्याचं तोंड भिंतीकडं होतं आणि पाठ भेकराकडं. त्यानं चांगला हात मानेमागून फिरवला.

"अजून जरा," तो म्हणाला. "बघतंय ते."