बाण न लावता

वाचनालयाच्या व्हरांड्यात बांधून ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर रंधाबाई ठाण मांडून बसल्या होत्या. रद्दीवाला तराजू घेऊन पायरीवर ताटकळत होता. गठ्ठा बांधणारा ग्रंथपाल म्हणजे त्यांचाच जावई, त्यामुळे त्याची पुरती पंचाईत झाली होती.

“आई, उठा ना. पुस्तकांवर बसू नये, असं तुम्हीच नातीला सांगता.”

“तराजूत टाकण्यापेक्षा बसलेलं बरं.”

रंधाबाई सुतारीण. सारी हयात रंधा मारण्यात गेली, म्हणून हे नाव. भांडण होतं धनुष्य घडवण्याच्या तीन जुन्या पुस्तकांचं. त्यातलं जाडं त्यांनी सुतळीतून ओढून काढून मांडीवर घेतलं होतं.

“नऊ वर्षांत ही कुणी घरी नेली नाहीत,” जावई म्हणाला. “रजिस्टर कोरं आहे.”

“नेणार कशी? ‘येथेच वाचावे’ असा शिक्का तुम्हीच मारलाय. मी दर रविवारी इथंच बसून वाचली. ते कुठल्या रजिस्टरात लिहिता?”

जावई ओशाळला, पण हटला नाही. “आता सगळं मोबाइलवर दिसतं, आई.”

“मोबाइलवरचा माणूस चुकला की तेवढं कापून टाकतो. हे पुस्तक लिहिणाऱ्या बाबानं त्याची पहिली अकरा धनुष्यं कशी मोडली, ते एकेक करून लिहिलंय. आणि हे बघा, ‘इथे थांब. अजून तासशील तर रडशील.’ मी थांबले, म्हणून हे झालं.”

त्यांनी भिंतीला टेकवलेलं धनुष्य पुढं केलं. लाकूड सुकवण्यापासून दोरी चढवण्यापर्यंत दोन वर्षं गेली होती. कुठं खिळा नाही, सांधा नाही. मूठ हाताच्या घामानं काळपट झालेली. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नव्हत्या.

सासूबाईंना जरा खूश करावं म्हणून जावयानं ते हातात घेतलं. “वा! झकास झालंय,” म्हणत दोरी कानापर्यंत ओढली आणि ऐटीत सोडून दिली.

काडकन आवाज झाला. मुठीच्या वर धनुष्याचे दोन तुकडे झाले आणि वरचा तुकडा दोरीला लोंबकळत राहिला.

रंधाबाईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी पदरानं पुसले, मांडीवरच्या पुस्तकाची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“वाचा. मोठ्यानं.”

“आई, चुकलं माझं...”

“वाचा म्हणते ना.”

जावयानं घसा साफ केला. “‘बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जायचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो.’” ऐकायला रद्दीवालाही दोन पायऱ्या वर आला होता.

“मी भरून देईन, आई. सांगाल ते.”

“काही नको. मुलगी दिली तुम्हाला, पुस्तकं द्यायची नाहीत.” रंधाबाईंनी मोडका तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. “धनुष्य मी पुन्हा करीन, जावईबापू. हे पुस्तक तुम्ही कराल?”