अंत्यदर्शन

“कट.” दिग्दर्शक खुर्चीतून उठला. “कोण रडतंय?”

फुलांच्या ढिगाखाली मंत्री डोळे मिटून पडला होता. गेली कित्येक वर्षं मालिकेत तो एकच काम करत आला होता. माणसं फोडायची, जवळच्यांचाच काटा काढायचा आणि वर हसतमुखानं सभा गाजवायच्या. आजच्या भागात तो मेला होता. अंत्यदर्शनाला आलेल्या गर्दीनं कोरड्या डोळ्यांनी पुढे सरकायचं, कुणीही टिपूस गाळायचं नाही, असं दिग्दर्शकानं बजावून ठेवलं होतं. तरी कुणाचा तरी हुंदका ऐकू आला होता.

“मावशी, तुम्ही? सकाळपासून काय सांगतोय मी? हा माणूस गेला म्हणून सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतंय.”

“चुकलं, साहेब. आता नाही.”

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. रांग सरकू लागली. मंत्र्याला नुसती पावलं ऐकू येत होती. त्यातलं एक पाऊल त्याच्याजवळ येऊन थबकलं आणि पाठोपाठ दाबलेला हुंदका आला.

“कट.”

मंत्र्यानं डोळे उघडले. साठीची, चणीनं बारीक अशी एक बाई तोंडावर रुमाल धरून उभी होती.

“राहू दे की त्यांना,” तो पडल्यापडल्याच म्हणाला. “एखादं तरी असेलच ना रडणारं.”

“कोण असणार, दादा? बायकोला तुम्ही घराबाहेर काढलंत. भावाला तुरुंगात धाडलंत. जावयाच्या गाडीचे ब्रेक कुणी निकामी केले?” सेटवर हशा पिकला. “प्रेक्षक विचारतील, ही बाई कोण म्हणून. मावशी, तुम्ही बाहेर बसा बरं.”

ती निमूटपणे गेली. मग सगळं बिनचूक झालं. एकाही डोळ्यात पाणी आलं नाही. टाळ्या वाजल्या, लोकांनी मंत्र्यासोबत फोटो काढून घेतले आणि जो तो पुढच्या दृश्याच्या तयारीला लागला. त्याच्या मेकअपच्या खोलीवरची नावाची पाटी कुणीतरी आधीच उतरवली होती.

चेहऱ्यावरचा रंग न पुसताच तो मागच्या आवारात आला. गर्दीतल्या लोकांना न्यायला बस लागली होती. ती बाई भिंतीपाशी एकटीच उभी होती.

“ताई, एक विचारू? का रडलात?”

ती ओशाळली. “तुमच्या सगळ्या सभांच्या गर्दीत मी असायचे, साहेब. ‘मी तुमच्या घरातलाच आहे,’ असं तुम्ही म्हणायचात ना, ते दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायचात. माझ्या घरात आता दुसरं कुणी नाही. ते खोटं असतं, कळतं हो मला. पण सभेचं शूटिंग आहे म्हटलं की आदल्या दिवसापासूनच बरं वाटायचं.”

गर्दीत कुठं बघायचं, ते कॅमेरामन ठरवून द्यायचा. तिथं एका काठीला लाल चिंधी बांधलेली असायची. भाषण करताना मंत्र्यानं त्या चिंधीखेरीज कधी काही पाहिलंच नव्हतं.

“तुमच्याकडेच बघायचो,” तो म्हणाला.

“वाटलंच मला.” ती पहिल्यांदाच हसली. “आता कुणाकडे बघणार?”

तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि ती लगबगीनं बसमध्ये चढली.

बस हलली. मावळतीचं ऊन काचांवर पडलं होतं, आतलं काहीच दिसत नव्हतं. ती कुठल्या खिडकीशी बसली असेल, ते त्याला कळेना. मग त्यानं सभेत करायचा तसा हात उंच केला आणि पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत, एकेका काचेकडे बघत, तो हलवत राहिला.