उभी गाडी

नवऱ्याने ती जुनी गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हौसेने लायसन्स काढलं. पण किल्ली मागितली की तो म्हणायचा, “राहू दे, कुठेतरी घासशील.” पुढे तिने मागणंच सोडलं. वर्षानुवर्षं गाडी कव्हर घालून शेडमध्ये उभी, आणि आता तिच्याखाली तेलाचं हे एवढं डबकं.

मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला. “इंजिन कोरं आहे काका, पण आतली सगळी ऑइल सीलं गेलीत.”

“अरे, गाडी वापरलीच नाही, तर सीलं गेली कशी?”

“वापरली नाही म्हणूनच गेली. रबर आहे ते. गाडी फिरती राहिली की तेल लागतं, मऊ राहतं. उभी ठेवली की वाळून कडक होतं. इंजिन उतरवून नवी टाकतो, पण रोज फिरवणारं कुणी असेल तरच. नाहीतर तीही अशीच वाळणार.”

नवऱ्याला हल्ली समोरचं धड दिसत नव्हतं. त्याने खिशातली किल्ली काढून आयुष्यात पहिल्यांदा बायकोपुढे धरली. “घे. आता तूच चालव.”

दाराचा आधार घेत ती कशीबशी आत बसली. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग क्लचवर पाय घ्यायला गेली, तर ताठलेला गुडघा काही केल्या वाकेना.

तिने खिडकीतून किल्ली मेकॅनिकच्या हातात दिली.

 

“राहू दे रे, नवी नको टाकूस. चालवणारीही उभीच ठेवली होती यांनी.”