बिनवासाचं द्रावण

घराखालच्या गॅरेजात गाड्यांचे पार्ट रॉकेलने धुऊन नवरा वर आला, की बायको नाक धरायची. "या घरात रॉकेल तरी राहील, नाहीतर मी तरी." बिचाऱ्याने दुकानं पालथी घातली. पेट्रोल भडकतं, थिनर रबराचे वायसर खातं. शेवटी बिनवासाचं महागडं द्रावण आणलं. घरात शांतता नांदली.

संध्याकाळी तो नेहमीसारखा आईजवळ जाऊन बसला. त्या माउलीला आता दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला, तसा तिने तो सोडवून घेतला.

"कोण हो तुम्ही? बसा. माझा मुलगा येईलच आता खालून."

 

पार्ट तो हल्लीही बिनवासाच्या द्रावणातच धुतो. हातांना लावायला रॉकेलचा बोळा घेऊन बायको दारात उभी असते.