कडू लागेपर्यंत

केतकीचा ताप उतरला होता, पण कानाचं औषध चालूच होतं. कानात जंतू असेपर्यंत ते तिला गोड लागणार होतं आणि जंतू संपले की कडू. तोवर औषध थांबवायचं नाही आणि पोहायलाही पाठवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आज चमचा तोंडात जाताच केतकीने तोंड वाकडं केलं.

"ई, कडू लागतंय. आता जाऊ ना गं पोहायला?"

तिच्या आईला, वृषालीला हायसं वाटलं. निम्मी बाटली उरली होती. धाकट्याचा कान दुखला तर होईल, म्हणून तिने ती फ्रिजच्या दारात मागे सरकवून ठेवली.

वळून पाहते तर केतकी चमचा चाटत होती. आधी आतून, मग मागून, अगदी मन लावून.

"फारच कडू दिसतंय," वृषाली म्हणाली.

चमचा तोंडातच राहिला. केतकीचे डोळे भरून आले.

"थोडंसंच गोड आहे गं."

"मग जंतूही थोडेसेच राहिले असतील," वृषालीने तिला जवळ घेतलं. मग फ्रिज उघडून तिने मागे सरकवलेली बाटली पुन्हा पुढे, डोळ्यांसमोर आणून ठेवली.