पांढऱ्या चादरीआड
पासपोर्टच्या फोटोत बाळ एकटंच हवं, धरणाऱ्याचा हातही दिसता कामा नये. म्हणून मी बाळाच्या आईला मोठ्या खुर्चीत बसवून डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. चादरीआडून तिनं त्याला ताठ बसवलं. तेवढ्यात माझ्या स्टुडिओच्या दारावर लाथ बसली. तिचा नवरा आत घुसला. "बायको कुठाय माझी, म्हाताऱ्या? परदेशी पळतेय काय!" "बाळ माझ्याकडे ठेवून फॉर्म आणायला गेल्यात... कोपऱ्यावरच्या दुकानात," मी चाचरलो. त्यानं दिव्याचा स्टँड उचलून माझ्या तोंडावर हाणला. दोन दात जिभेवर आले. दुसऱ्या फटक्यात खांदा निखळला. चादर जराही हलली नाही. "आधी तिचा मुडदा पाडतो, मग पोराला नेतो," म्हणत तो बाहेर धावला. मी दाराला कडी घातली. तीन महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही, हे त्या बापाला ठाऊकच नव्हतं.