न कापलेली पानं

ही गोष्ट २०११ सालची, पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा शहरातली. जुनी पुस्तकं संगणकावर चढवण्याचा करार एका कंपनीने पाठवला होता आणि प्रकाशक सेन्योर तेओदोझियो काही केल्या सही करेनात. त्या यादीत, दोन पिढ्या त्यांच्याकडे मुद्रितं तपासणाऱ्या दोना देओलिंदाचं एकुलतं एक पुस्तकही होतं.

"संगणकावर दिसलं की विकत कोण घेणार? तुमच्याच पुस्तकाची काळजी करतोय मी, बाई!"

देओलिंदाने त्यांच्याच कपाटातून ते पुस्तक काढून समोर ठेवलं. तेओदोझियोंच्या वडिलांनी १९६८ साली छापलेलं. तेव्हा पानं जोडलेलीच येत, वाचणारा सुरीने कापत कापत पुढे जाई. यातलं एकही पान कापलेलं नव्हतं.

"त्रेचाळीस वर्षं नुसती काळजीच केलीत, सेन्योर. वाचलं नाहीत कधी."

तेओदोझियो कानापर्यंत लाल झाले. त्यांनी सही केली, मग सुरी मागितली.

पुढे देओलिंदाला पार अझोरेसच्या बेटांवरून वाचकांची पत्रं आली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने दुसरं पुस्तक लिहायला घेतलं. तेओदोझियो पुढल्याच हिवाळ्यात गेले. त्यांच्या हातून निम्मंच पुस्तक कापून झालं होतं. उरलेलं त्यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या पडद्यावर वाचलं आणि तिला म्हणाले, "बरं आहे हो हे. सुरी लागत नाही."